ॲम्बॅसडर मार्क फोर: दोन्ही वेळा चौथ्याच सिलिंडरचा पिस्टन का वितळला असेल?

प्रश्न (विजापूर रोड, सोलापूर)

नमस्कार. आमच्याकडे वडिलांनी १९८४ साली नवी घेतलेली ॲम्बॅसडर मार्क फोर आहे. इंजिन मूळचेच, १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन. गाडी रोजच्या वापरात नसली तरी सणावाराला, अक्कलकोट-तुळजापूरच्या दर्शनाला आणि बार्शीला गावाकडे जाण्यासाठी आम्ही तीच काढतो, आणि ती विकण्याचा विचार घरात कुणाच्याही मनात नाही. गेल्या आठवड्यात तुळजापूरचा घाट चढत असताना गाडीची ताकद एकाएकी गेली, सायलेन्सरमधून निळसर धुराचे लोट निघू लागले आणि ऑइल भरण्याच्या झाकणाच्या कडेनेही धूर बाहेर पडू लागला. गाडी तिथेच बंद केली आणि टोचन लावून सोलापूरला आणली.

मिस्त्रींनी माझ्यासमोर हेड उतरवले. एक आणि दोन नंबरच्या पिस्टनवर कोरडा, तपकिरी रंगाचा पातळ कार्बन आहे. तीन नंबरच्या पिस्टनवर मात्र काजळीसारखा काळा थर जास्त दिसतो. चौथ्या पिस्टनचा माथा मधोमध वितळून खोलगट झाला आहे आणि त्या खळग्याच्या तळाशी करंगळी जाईल एवढे भोक पडले आहे. भोकाच्या कडा तुटल्यासारख्या धारदार नाहीत, त्या गोलसर आणि गुळगुळीत आहेत. त्याच सिलिंडरच्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड जवळजवळ नाहीसा झाला आहे. हेड गॅस्केट चारही बाजूंनी शाबूत आहे आणि ऑइलमध्ये पाणी आलेले नाही.

मला खरी चिंता वेगळीच आहे. काही वर्षांपूर्वी याच गाडीचा, याच चौथ्या सिलिंडरचा पिस्टन अशाच प्रकारे गेला होता. तेव्हा काम दुसऱ्या एका गॅरेजमध्ये झाले. पेट्रोलमध्ये भेसळ होती एवढेच कारण सांगून त्यांनी नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतले लोखंडी अस्तर) आणि नवा पिस्टन बसवून दिला होता. आताचे मिस्त्री जुने जाणकार आहेत आणि तेही स्पष्टच म्हणतात की पिस्टन बसवून देणे अवघड नाही, पण कारण सापडल्याखेरीज बसवला तर तो पुन्हा जाणारच. पेट्रोल चारही सिलिंडरना एकच मिळते, मग भेसळीने चौथ्याच पिस्टनचा बळी दोन्ही वेळा का जावा, या प्रश्नाचे उत्तर मला कुणाकडूनच मिळालेले नाही. ठिणगीचे टायमिंग मिस्त्रींनीच दिवाळीच्या आधी तपासले होते आणि ते बरोबर होते. तापमानाची सुई घाटातही कधी मध्याच्या वर गेली नाही. नवे सामान आणण्यापूर्वी काय काय तपासावे, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.


उत्तर (बोअरिंग-होनिंगचे वर्कशॉप, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

सर्वप्रथम एक विनंती करतो की पिस्टन, प्लग, हेड यांपैकी काहीही डिझेलने धुऊ नका आणि ब्रशने घासू नका. आमच्याकडे बहुतेक सुटे भाग चकचकीत होऊनच येतात आणि मग गिऱ्हाईक विचारते की असे का झाले असेल. तोवर सांगणारा पुरावा गटारात गेलेला असतो. आपण अजून सगळे जसेच्या तसे ठेवले असेल तर अर्धे काम झालेच आहे, असे समजा.

पिस्टनचे नुकसान मुख्यतः दोन तऱ्हांचे असते आणि त्यांची गल्लत सर्रास होते. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवर पडते, परंतु ज्वाला पोहोचण्याआधीच कडेला उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटते. त्याचे धक्के पिस्टनच्या कडेला बसतात, माथ्याच्या काठावर बारीक टवके उडाल्यासारखे खड्डे पडतात, रिंगांच्या खाचांमधली धातूची पट्टी तुटते आणि प्लगच्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चमकते कण चिकटलेले आढळतात. दुसऱ्या तऱ्हेत मिश्रण ठिणगीच्या फार आधी, पिस्टन वर येत असतानाच पेटलेले असते. मग पिस्टनला जळता वायू दाबत दाबत वर यावे लागते, सगळी उष्णता माथ्यात शिरते आणि माथ्याचा मध्यभाग सिलिंडरच्या भिंतीपासून सर्वांत दूर असल्यामुळे तिथली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणून भोक मधोमध पडते आणि कडा वितळून गोल होतात. आपण केलेले वर्णन दुसऱ्या तऱ्हेचे आहे. त्यामुळे टायमिंग दोन-चार अंशांनी पुढे-मागे असणे किंवा पेट्रोल हलके असणे, ही कारणे मी यादीत खाली ढकलीन.

आता चौथाच का, याविषयी. या इंजिनाच्या हेडची रचना ध्यानात घ्यावी लागते. चार सिलिंडरना हवा-पेट्रोल आत घेण्याचे पोर्ट दोनच आहेत. एक आणि दोन नंबर एका पोर्टवर जगतात, तीन आणि चार दुसऱ्यावर. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून मागच्या पोर्टजवळ बाहेरची हवा आत ओढली जात असती, तर मिश्रण पातळ होऊन त्याची खूण तीन नंबरवरही थोडीफार उमटली असती. आपला तीन नंबर उलट जास्त काळा आहे, म्हणजे तिथे पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ते नीट जळलेले नाही. हा काळेपणा मला महत्त्वाचा वाटतो, मात्र त्याचा अर्थ अजून मला लागलेला नाही.

कृपया एवढे कळवा. चारही प्लग एकाच नंबरचे आहेत का आणि चौथ्या प्लगखाली वॉशर होता का? प्लग नीट आवळलेला नसेल तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याचे टोकच निखाऱ्यासारखे लाल होऊन मिश्रण आधी पेटवू शकते. चौथ्या सिलिंडरच्या ज्वलनकक्षात एखादी धारदार कड किंवा सुटलेली कार्बनची खपली आहे का? आणि घाटात ॲक्सिलरेटर दाबल्यावर धातूची खडखड ऐकू येत होती का?


उत्तर (टेंभुर्णी)

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात गेली, त्यामुळे मोटारीच्या इंजिनापेक्षा पाणी आणि क्षार यांच्याविषयी मी जास्त अधिकाराने बोलू शकेन. रेडिएटरमध्ये आपण कोणते पाणी घालता? आपल्या भागातील बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार धातूच्या तापलेल्या भिंतीवर बसतात. हा थर ओतीव लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो, त्यामुळे मिलिमीटरभर जाडीचा थरसुद्धा भिंतीला चांगलाच तापवतो. पाण्याचा पंप पुढे असल्यामुळे प्रवाहाचा जोर पुढे जास्त आणि मागे कमी असतो, आणि गंज, चिखल, क्षाराच्या खपल्या हा सगळा गाळ मागच्या सिलिंडरभोवती साचतो. तापमानाचे सेन्सर हेडच्या पुढच्या भागात असते, म्हणून मागे पाणी उकळत असले तरी सुई मध्यावरच राहू शकते. चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असताना घाट चढायचा, म्हणजे त्या मागच्या कोपऱ्याची परीक्षाच असते. ब्लॉकचा मागचा वेल्च प्लग (पाण्याच्या वाटेवरचे पत्र्याचे झाकण) काढून आत तार घालून पाहावे.

पेट्रोलबद्दलही थोडे लिहितो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. जुन्या कार्बोरेटरचा जेट निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने केलेला असल्यामुळे तो आजच्या इंधनावर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ करतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे नॉकिंग कमी होते, हे खरे. परंतु पातळ मिश्रणाचा परिणाम आणि जुन्या रबरी पाइपांची झीज या दोन्ही गोष्टी राहतातच. तथापि हा परिणाम चारही सिलिंडरवर सारखाच व्हायला हवा, म्हणून चौथ्याच्या दुर्दशेचे मूळ कारण मी इंधनाला म्हणणार नाही.


प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काहीही धुतलेले नाही. पिस्टन आणि प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून नंबर टाकून ठेवले आहेत. चारही प्लग एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे आहेत, सगळ्यांना वॉशर आहेत आणि काढताना चारही सारखेच घट्ट होते. ज्वलनकक्षात धारदार कड किंवा सुटलेली खपली दिसली नाही. रेडिएटरमध्ये पूर्वी बोअरचेच पाणी जात असे, अलीकडे आम्ही कूलंट घालतो.

खडखड कधीच ऐकू आली नाही. मात्र चढावर, विशेषतः पावसाळ्यात सकाळी गाडी काढली की, कार्बोरेटरमधून अधूनमधून फट् असा आवाज यायचा आणि गाडी क्षणभर अडखळायची. मिश्रण पातळ असल्यामुळे असे होते असे समजून मिस्त्रींनी स्क्रू थोडा फिरवला होता, पण फरक पडला नाही.


उत्तर (ऑटो इलेक्ट्रिकल, सात रस्ता)

कार्बोरेटरमधला तो फट् आवाज, पावसाळी सकाळ, तीन नंबरची काजळी आणि चौथ्याचे वितळणे या चार गोष्टी एकत्र ठेवल्या तर मला संशय इग्निशनचा येतो, आणि तोही टायमिंगचा नव्हे. माझ्या मते तीन नंबरच्या प्लगसाठी निघालेली ठिणगी चौथ्या प्लगवर पडत असावी.

ते कसे, ते सविस्तर सांगतो, कारण याचा उलगडा फायरिंग ऑर्डरमध्येच आहे. या इंजिनाची ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हणजे तीन नंबर पेटल्यावर क्रँक अर्धा फेरा फिरला की चार नंबरची पाळी येते. तीन नंबरमध्ये पिस्टन वर आहे, मिश्रण दाबलेले आहे आणि ठिणगीची वेळ झाली आहे, नेमक्या त्याच क्षणी चार नंबरचा पिस्टन खाली पोहोचत आलेला असतो. त्याने सिलिंडरभर ताजे मिश्रण ओढून घेतलेले असते आणि इनलेट व्हॉल्व्ह अजून उघडा असतो. अशा वेळी चौथ्या प्लगवर चुकून ठिणगी पडली, तर दोनपैकी एक गोष्ट घडते. ज्वाला उघड्या व्हॉल्व्हमधून मागे जाते आणि कार्बोरेटरमध्ये फटका ऐकू येतो; किंवा व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत आतले मिश्रण धुमसत राहते आणि पिस्टनला तो पेटलेला वायू दाबत अख्खा वर यावे लागते. वर्कशॉपवाल्या साहेबांनी वर्णन केलेली दुसरी तऱ्हा ती हीच. निखारा झालेल्या प्लगमुळे मिश्रण थोडे आधी पेटते, पण इथे ते जवळजवळ अर्धा फेरा आधी पेटते, आणि घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना असे पुन्हा पुन्हा घडले तर ॲल्युमिनियम टिकत नाही.

चौथ्याकडून तिसऱ्याकडे ठिणगी गेली तर काहीच बिघडत नाही, कारण तेव्हा तीन नंबर पेटून झालेला असतो आणि त्यात जळलेला वायूच उरलेला असतो. म्हणून गळती दोन्ही बाजूंनी असूनही नुकसान एकट्या चौथ्याचे होते. शिवाय तिसऱ्याची ठिणगी दुसरीकडे गेल्यावर त्याचे मिश्रण न जळताच बाहेर जाते आणि त्याच्यावर काजळी धरते. तो काळेपणा मला असा लागू पडतो.

ठिणगी इतकी सहज का भटकते, असेही कुणी विचारील. दाबलेल्या वायूत प्लगची गॅप ओलांडायला बरेच व्होल्टेज लागते. दाब नसलेल्या सिलिंडरमध्ये त्याच्या अंशानेच काम भागते. विजेला सोपा रस्ता मिळाला की ती तोच धरते. त्यातून प्लग झिजून गॅप वाढली असेल, तर तिसऱ्यासाठी लागणारे व्होल्टेज आणखी चढते. आपल्या गाडीला गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास हवी.

दोन ठिकाणी पाहा. पहिले ठिकाण डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाची, कॅप. कॅपमध्ये टर्मिनल फायरिंग ऑर्डरनेच असतात, त्यामुळे तीन आणि चार एकमेकांचे शेजारी आहेत. आत धूळ, ओल आणि मधल्या कार्बनची भुकटी साचून दोन टर्मिनलांमध्ये बारीक काळी रेघ जळून तयार होते. ती सहसा पुसून जात नाही आणि दिव्याच्या उजेडात कॅप तिरपी धरल्याशिवाय दिसतही नाही. ओलसर हवेत तिच्यातून वीज अधिक सहज वाहते. दुसरे ठिकाण प्लगच्या वायरी. तीन आणि चार नंबरच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून नेल्या असतील आणि त्यांचे रबर कडक होऊन तडकले असेल, तर एकीतला विजेचा दाब दुसरीत उतरतो. कुणी दिसायला नीट म्हणून त्या टेपने एकत्र बांधल्या असतील तर अधिकच.

चाचणी इंजिनावर करू नका. सेल्फ मारलात तर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे कण बेअरिंगमध्ये फिरतील. डिस्ट्रिब्युटर कॅप आणि वायरींसह बाहेर काढा; मात्र काढण्यापूर्वी त्याच्या बुडाशी आणि ब्लॉकवर खूण करून ठेवा. टेबलावर त्याचे अंग अर्थिंगला जोडून बॅटरी, कॉइल आणि चार प्लग लावा. चारही प्लगचे अंगही अर्थिंगला हवे. उघड्या हवेत सगळ्याच प्लगना कमी व्होल्टेज पुरते, त्यामुळे नुसते फिरवून काही कळणार नाही. त्यासाठी तीन नंबरला एक जुना प्लग लावून त्याचा इलेक्ट्रोड वाकवा आणि गॅप चार-पाच मिलिमीटर करा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा अडथळा कृत्रिमरीत्या उभा राहील. खोलीत अंधार करा, शाफ्ट हाताने सावकाश फिरवा आणि तीनची पाळी आली की चार नंबरकडे पाहा. जवळपास पेट्रोल किंवा डिझेलचे भांडे असता कामा नये.


प्रश्नकर्ता

काल संध्याकाळी मिस्त्रींसमवेत चाचणी केली. तिसऱ्याची पाळी येताच चौथ्या प्लगवर निळी ठिणगी स्पष्ट पडत होती, आणि तिसऱ्याच्या रुंद गॅपमध्ये ती कधी पडे, कधी पडत नसे. तीन आणि चारच्या वायरी खरोखरच काळ्या टेपने एकत्र बांधलेल्या होत्या. त्या सोडवून हातभर दूर केल्या, तरी चौथ्यावरची ठिणगी थांबली नाही. मग मिस्त्रींनी त्यांच्याकडची दुसरी कॅप लावली, आणि ठिणगी थांबली. जुनी कॅप बॅटरीच्या उजेडात तिरपी धरल्यावर तीन आणि चारच्या पितळी टोकांमध्ये केसाएवढी वाकडीतिकडी काळी रेघ दिसली. मागील दुरुस्तीत कॅप बदललेली नव्हती, याची खात्री मिस्त्रींनी कॅपवरील जुन्या खुणांवरून केली.

टेंभुर्णीच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे मागचा वेल्च प्लगही काढला. आत गंजाचा आणि क्षाराचा घट्ट थर निघाला, मागे जास्त आणि पुढे नाममात्र. माथा वितळण्याचे कारण कॅप असली तरी हा कोपरा तापत होता, यात शंका राहिली नाही. ब्लॉक पूर्ण साफ करूनच पुढे जायचे ठरले आहे. कॅप, रोटर, वायरी आणि प्लग हे सगळेच नवे घेत आहोत. आता इंजिनाचे काम कोणत्या क्रमाने करावे?


उत्तर (बोअरिंग-होनिंगचे वर्कशॉप, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

तीन नंबरची काजळी अशी उलगडली, याचे फार समाधान वाटले. सात रस्त्याच्या साहेबांचे आभार. टेबलावरची ही चाचणी मीही यापुढे आमच्याकडे येणाऱ्यांना सांगेन.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून ऑइल पंपाची जाळी पाहा. भोकातून गेलेले ॲल्युमिनियम तिथे सापडेलच. क्रँक काढून ऑइलच्या वाटा दाबाच्या हवेने साफ करून घ्या आणि बिग एंडची (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथली) सगळी बेअरिंगे पाहा, चौथ्याच्या बेअरिंगवर विशेष लक्ष द्या. ब्लॉक आमच्याकडे किंवा कुठेही द्या, पण क्षार काढून झाल्यावरच द्या, कारण गाळ असताना घेतलेले माप साफ झाल्यावर भरवशाचे राहत नाही. मागे बसवलेली चौथी स्लीव्ह आता पुन्हा वापरू नका. उरलेल्या तीन बोअरची (सिलिंडरच्या पोकळ्यांची) झीज मोजू. ती कमी निघाली तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतील, जास्त निघाली तर चारही बोअर वीस थाऊ (इंचाचे वीस सहस्रांश) वाढवून चार नवे पिस्टन सारख्या वजनाचे घालणेच योग्य.

आणि चौथा कनेक्टिंग रॉड जुना म्हणून तसाच चढवू नका. पिस्टन वर येत असताना त्याच्यावर जळत्या वायूचा उलटा दाब दोन वेळा आलेला आहे. तो वाकला किंवा पिळला असण्याची शक्यता बरीच आहे. तो जिगवर तपासून द्या, आणि किंचितही वाकडा निघाला तर सरळ करण्याच्या फंदात न पडता बदला.